बिनसाखरेचं वाण

भरल्या ताटावरून मी आयुष्यात एकदाच उठलो, आणि तेही सासुरवाडीत, धोंड्याच्या महिन्यात. याहून मोठ्या चुका माझ्या हातून झाल्या असतील, पण त्यांचं मला फारसं काही वाटत नाही आणि याचं वाटतं. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. मीच आता काढतो आहे, कारण मागच्या हिवाळ्यात मी तो निस्तरायला गेलो होतो.

माझी सासुरवाडी चिकलठाण्याची. आम्ही राहतो बजाजनगरला. शहराच्या या टोकाला मी, त्या टोकाला सासूबाई, आणि मध्ये छावणी, क्रांती चौक, सगळा जालना रोड. ती शेतीवाली माणसं. शहर वाढत वाढत त्यांच्या बांधापर्यंत आलं तरी घरात भाकरी, ठेचा आणि पाहुण्याला पाट हे काही बदललं नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षं काढली. आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, एवढंच काम. हे काम माणूस घरीही घेऊन येतो. बायको म्हणायची, तुम्ही जेवायला बसता की तपासणीला, ते आधी सांगत जा.

अधिक महिना म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी कधीतरी येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात आणि जावयाला वाण देतात. वाणात तेहतीस अनारसे. तेहतीसच का, तर अधिकाचा आकडाच तो. आणि अनारसेच का, तर वाणाची वस्तू जाळीदार हवी, आणि अनारशाच्या अंगावर बारीक भोकांची जाळी पडते. कुणी बत्तासे देतं, कुणी म्हैसूरपाक. गोडच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नसावं, पण बिनसाखरेचं वाण कुणी दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी मला नुकतीच शुगर निघाली होती. मी ते बायको सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. कंपनीत चहा आला की साखर नको म्हणण्याऐवजी मी चहाच सोडलाय असं सांगायचो. लोक कीव करतील याची मला भीती वाटत होती, आणि त्यातही एका माणसाची जास्त. ते म्हणजे माझे साडू. वैजापूरचे, कांद्याचे व्यापारी, मार्केट यार्डात गाळा. मोकळा माणूस, मोठ्यानं हसणारा. मला ते आवडत नसत, कारण ते सगळ्यांना आवडत.

तर त्या धोंड्याला आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, वर पंखा गरगर फिरतोय, समोर घरची आणि भावकीची दहाबारा माणसं. ओवाळणं झालं. सासूबाईंनी साडूंच्या पुढ्यात वाणाचं ताट ठेवलं, त्यावरचा रुमाल काढला. तेहतीस अनारसे, खसखस लावलेले, तुपात न्हालेले. मग माझ्या ताटावरचा रुमाल काढला.

माझ्या ताटात अनारसे नव्हते. अनारशाएवढीच, गोल, जाडसर, फिकट रंगाची छोटी धिरडी होती. वरून सगळी भोकं भोकं. प्रत्येकावर काहीतरी ठेवलेलं. काहींवर बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर. काहींवर तेलात कालवलेली जवसाची चटणी. काहींवर काकडीचा कीस. आणि समोरच्या जेवणाच्या पानात धोंडा नव्हता. कारल्याची भाजी होती.

साडू हसून सासूबाईंना म्हणाले, "हे काय हो मामी? आम्हाला अनारसे आणि यांना धिरडी?"

सासूबाई या प्रश्नाचीच वाट बघत असाव्यात. त्या एरवी जावयासमोर तोंड उघडत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तो आजही दिसतो. पदर सावरत त्या पुढं आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाव्हण्यांना साखर चालत नाय ना आता. म्हणून मुद्दाम खारं केलंय. जाळी बगा कशी पडली! अनारशाच्या तोंडात मारंल अशी पडली."

दहाबारा माणसांनी आधी जाळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कधी निघाली शुगर? सांगायचं नाही का?" त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. नेमकी तीच मला सोसवली नाही.

मी म्हणालो, "मी आजारी माणूस आहे का? धिरड्यांवर भागवायचं होतं तर बोलावलं कशाला?"

आणि उठलो. पानातला एक घासही न घेता. सासूबाईंच्या हातात वाढायचा डाव होता, तो तसाच हवेत राहिला. कुणी हात धरला, कुणी नाव घेऊन बायकोला हाक मारली, सासरे दारापर्यंत आले. मी स्कूटर चालू केली. बायको उपाशीच मागं येऊन बसली, तिचा तरी काय इलाज होता.

घरी आल्यावर ती बोलली. ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे एकेक गोष्ट सांगत गेली. माझ्या शुगरचं तिनंच आईला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको असं बजावून. पण आईला ते गुपित वाटलंच नव्हतं. तिला तो फक्त स्वयंपाकातला पेच वाटला होता. जावयाला साखर द्यायची नाही आणि वाण तर जाळीदार पाहिजे. साधं धिरडं द्यावं तर ते रोजचंच. मग नातवाच्या मोबाइलवर तिला परदेशातली ही खमिरानं, म्हणजे यीस्टनं फुगवलेली छोटी धिरडी दिसली. त्यांच्याकडं ती खारी खातात, वर काहीबाही ठेवून. आकार अनारशाचा आणि जाळी अनारशापेक्षा दाट.

"शहागंजला गेली ती," बायको म्हणाली. "नानच्या भट्टीवर. जन्मात कधी गेली नव्हती तिकडं. त्या भट्टीवाल्या चाचांकडून खमीर मागून आणलं. ते म्हणाले, अम्मा, दूध कोमट लेना, गरम नक्को, गरम दूध में खमीर मर जाता. तिनं पहिल्यांदा गरमच घातलं. सगळं पीठ वाया. दुसऱ्यांदा पातेलं कपाटात ठेवलं, तर उकाड्यानं फुगून कपाटभर झालं. तिसऱ्यांदा जमलं. व्हिडिओत अंडं होतं, अधिकात अंडं कसं घालायचं म्हणून तिनं दही घातलं. सकाळी फोनवर मला म्हणत होती, तुझा नवरा लई खोट काढतो ना, आज त्याला एक पण खोट सापडायची नाय."

मी विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तिला तुम्हाला चकित करायचं होतं," ती म्हणाली आणि भात टाकायला उठली.

म्हणजे त्याच दिवशी दिवेलागणीपर्यंत मला सगळं कळलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. किल्ली खुंटीला होती, स्कूटर दारात होती, तासाभरात पुन्हा चिकलठाण्याला पोचलो असतो. पण जावयानं आधी कसं जायचं? हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी इतक्या गंभीरपणे विचारला की आता हसू येतं आणि लगेच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सासरेच आले. सत्तरीचा माणूस, दोन रिक्षा बदलून, हातात नारळ आणि शेला. आमच्याकडं रुसलेल्या जावयाची अशी समजूत काढतात. त्यांनी माझ्या खांद्यावर शेला टाकला आणि हात जोडले. "घरातली बाई हाय, तिला काय कळतंय, पोटात घाला," म्हणाले. मी ते हात जोडू दिले. वर म्हणालो, "ठीक आहे, झालं ते झालं." चहा पिऊन सासरे गेले. पुढं तीन वर्षांच्या आत ते वारले, आणि त्या जोडलेल्या हातांचं त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं.

मधला एक धोंडा टाळेबंदीत गेला, कुणी कुणाकडं गेलं नाही. त्यानंतरच्या धोंड्याला आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की या वेळी ताटात काहीही असो, सगळं खायचं आणि सगळ्यांदेखत वाखाणायचं. दोन्ही ताटांवरचे रुमाल निघाले. दोन्हीत तेहतीस तेहतीस अनारसे. पानात दोघांनाही धोंडा. कणभरही फरक नव्हता. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि माझ्या हाताकडं बघत होत्या. तब्येत कशी आहे, हेही त्यांनी विचारलं नाही. मी दोन अनारसे खाल्ले, धोंडा खाल्ला. बायको खाली बघून भात चिवडत होती. घरी येऊन शुगर मोजली तेव्हा यंत्रानं जो आकडा दाखवला तो मी तिला सांगितला नाही.

मी सहज म्हणून विचारलं होतं, "मामी, ती खमिराची केली होती तशी नाही केलीत या वेळी?"

त्या घाईनं म्हणाल्या, "नाय नाय. आता नाय करीत मी तसलं काय." लहान मुलाला रागावल्यावर ते जसं लगेच कबूल करतं, तसं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. घरी बसलेल्या माणसाला बायका स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाहीत, पण मी चिकाटीनं ठेवला. ती धिरडी मला स्वतः करायची होती. कणीक, मूठभर ज्वारीचं पीठ, कोमट दूध, दही, मीठ, आणि दुकानातलं पाकिटातलं यीस्ट. यीस्ट जागं व्हायला चिमूटभर साखर लागते. तेवढी घालताना मी बायकोकडं बघितलं, तर ती म्हणाली, घाला, ती यीस्टनं खायचीय, तुम्ही नाही. पीठ तासाभरात फुगायला हवं. थंडीत ते तीन तास ढिम्म बसून राहायचं. मग मी पातेलं शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायला लागलो. बायको येता-जाता विचारायची, बाळ झोपलं का?

फुगलेल्या पिठाला नंतर ढवळायचं नसतं, अलगद चमच्यानं उचलून तव्यावर सोडायचं. सोडलं की वर बुडबुडे येतात, फुटतात, भोकं पडतात. इथपर्यंत मला जमलं. पण व्हिडिओत दाखवलं होतं तसं उलटलं की भोकं बुजायची आणि वरचं अंग सपाट व्हायचं. चव बरी होती. चक्का आणि जवसाची चटणी ठेवून आम्ही दोघांनी कितीतरी खाल्ली. पण जाळी नाही ती नाहीच. तीस वर्षं दुसऱ्याचा माल परत पाठवणारा मी रोज स्वतःचाच माल परत पाठवत होतो.

शेवटी एका सकाळी मी पीठ भिजवलं, मोठ्या डब्यात भरलं आणि बायकोला म्हणालो, "मी आईकडं जाऊन येतो."

"कुणाच्या आईकडं?"

"तुझ्या."

"आता कशाला?" ती म्हणाली. मग तिनंच डब्याला फडकं बांधून दिलं, चक्क्याचा आणि चटणीचा वेगळा डबा दिला. धोंड्याला अजून काही महिने होते. मला तेच हवं होतं. वाण नको, पाट नको, भावकी नको. साध्या दिवशी जायचं, तव्यावर उतरेल तशी गरम धिरडी सासूबाईंना आधी खाऊ घालायची, आणि माफी मागायची. एवढाच बेत होता.

क्रांती चौकातल्या सिग्नलला स्कूटरच्या डिक्कीतून टप असा आवाज आला. उन्हात पिठानं झाकण उडवलं होतं. सिडकोच्या पुढं कडेला थांबून मी ओघळलेलं पीठ बोटानं निपटून पुन्हा डब्यात ढकललं, शेजारचा रिक्षावाला हसत होता, आणि मलाही बऱ्याच दिवसांनी आतून बरं वाटत होतं.

सासूबाई घरी एकट्याच होत्या, मेहुणा आणि त्याची बायको कामावर गेलेले. मला एकट्याला दारात बघून त्या आधी घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. मी सगळं ठीक आहे म्हणालो आणि डबा दाखवला. "मामी, ही माझी नीट होत नाहीत. तुम्ही दाखवा."

त्यांनी फडकं सोडलं, पिठाचा वास घेतला. काय आहे ते त्यांना तत्क्षणी कळलं, मी त्यांचे डोळे बघितले.

"हे काय पाव्हणं, मला नाय येत असलं काय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही केली होती की मला. धोंड्याला."

"मी? नाय वो. ध्यानात नाय माझ्या."

मी तवा मागितला तर त्या मध्ये उभ्या राहिल्या. जावई चुलीपुढं उभा राहणार हे त्यांना बघवणारं नव्हतं. "तुम्ही बाहेर बसा. मी बगते कसं होतंय ते." मी म्हणालो, आज तुम्ही बसा, मी करतो, तुम्ही गरम खा. त्यांनी हात जोडायला सुरुवात केली, तेव्हा मी मुकाट्यानं जाऊन खुर्चीत बसलो. तिथून आतलं दिसत होतं. त्यांनी गॅस बारीक केला, कांद्याची फोड तेलात बुडवून तव्यावर फिरवली, पीठ न ढवळता कडेकडेनं उचललं आणि चार लहान गोल सोडले. मग वर झाकण ठेवलं. उलटलं एकही नाही. अनारसा कधी उलटत नाहीत, तेव्हा हे धिरडंही उलटायचं नसतं, वाफेवर वरचं अंग शिजू द्यायचं असतं. हे ज्याच्या ध्यानात नाही त्याचा हात असा चालत नाही.

ताटली माझ्यापुढं आली. चार धिरडी, अंगभर जाळी, त्यावर माझाच चक्का आणि माझीच चटणी. मी म्हणालो, तुम्ही आधी घ्या. त्या म्हणाल्या, तुमचं होऊ द्या, मग घेते. मी पुन्हा म्हणालो, त्या पुन्हा तेच म्हणाल्या आणि दाराशी उभ्या राहून माझ्या ताटलीकडं बघू लागल्या. शेवटी मी खाल्लं. इतकं हलकं, इतकं खमंग काहीतरी मी त्या धोंड्याला जिभेला लावलंही नव्हतं.

"मामी," मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही एवढ्या कष्टानं केलं होतं आणि मी उठून गेलो."

त्यांचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. "आसं बोलू नाय पाव्हणं. जावयाचं कुठं चुकतं व्हय? आमचंच कायतरी कमी पडलं आसंल."

"काहीही कमी पडलं नव्हतं. माझाच स्वभाव वाईट."

"नाय नाय. मी सगळ्यांदेखत बोलाया नको व्हतं. लेकीनं सांगू नको म्हणलेलं. मला कळलं नाय."

म्हणजे सगळं लक्षात होतं. इतकी वर्षं त्या बाईनं स्वतःचीच चूक म्हणून ते जपून ठेवलं होतं. मी काही बोलणार तोच त्या आत गेल्या आणि तव्यावरचं आणखी एक धिरडं आणून माझ्या ताटलीत टाकलं. मी ते अख्खंच तोंडात घातलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि खाली बघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

"ह्ये आता केलंय ते बरं हाय का?" त्यांनी विचारलं. मग अगदी हळू, "रागावला नाय ना?"

माझ्या तोंडात अख्खा घास होता. मी हात वर केला, जरा थांबा म्हणून. नुसता तेवढा हात वर केला. पण त्यांनी तो हात बघितला, माझं पडलेलं तोंड बघितलं, आणि मी घास गिळायच्या आत त्यांचा चेहरा विझला.

"ऱ्हाऊ द्या मग, नका खाऊ," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातली ताटली उचलून आत घेऊन गेल्या.